'आडवा करा' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळी फोन उघडला तर शाळेच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ तीनतीनदा येऊन पडलेला. अमेरिकेतलं कुठलंसं घर, दारावरचा कॅमेरा, आत घुसणारा माणूस, मग गोळ्यांचा आवाज. खाली टाळ्या, ज्वाळा, आणि आमच्यातल्या एका सद्गृहस्थांचं वाक्य : "आपल्याकडेही असा कायदा पाहिजे. घुसला की आडवा करायचा, विषय संपला."

विषय संपला म्हणे!

माझ्या मामाने केला होता एकाला आडवा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मळ्यातलं घर. रात्री कौलं काढून दोघे माजघरात उतरले. एक पळाला, दुसऱ्याने कोयता उगारला आणि मामाने दारामागची पहार घातली. ती डोक्यात बसली. पोलीस पाटील येईपर्यंत तो पोरगा तिथेच पडून पाणी मागत होता. मामीने तांब्याने पाजलं. पोलिसांची जीप आली तेव्हा खेळ आटोपला होता. पंचनाम्यात पहार आली, कोयता आला आणि रक्ताचे डाग होते म्हणून तो तांब्याही आला. मामीच्या रुखवतातला तांब्या. मुद्देमालात गेला तो गेलाच.

आता ग्रुपवरच्या शूरवीरांसाठी एक बातमी. तुम्ही मागताय तो कायदा आपल्याकडे आहे. 1860 पासून आहे! तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 होती, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44. जिवावर बेतलं, बलात्काराचा प्रयत्न झाला, अपहरण होतंय, कोणी अॅसिड फेकतंय, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. रात्रीच्या घरफोडीत, जबरी चोरीत, राहत्या घराला आग लावताना तर मालमत्तेच्या बचावासाठीसुद्धा हा हक्क आहे. पळून जायची सक्ती नाही. भ्याडासारखं वागा असं कायदा सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय. गंमत म्हणजे ही दंड संहिता लिहिणाऱ्या इंग्रज मेकॉलेच्या आयोगाने तिच्या 1837 च्या मसुद्यासोबत लिहून ठेवलं होतं की इथली माणसं दरोडेखोरांचा जाच मुकाट सोसतात, म्हणून हा हक्क मुद्दाम सढळ ठेवतोय. म्हणजे साहेबानेच तुम्हाला 'जरा हात उचला' म्हटलं होतं, आणि तुम्ही अजून फॉरवर्डच करताय.

अटी दोनच मोठ्या. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही. तुम्हाला खुपतात त्या याच अटी, खरं की नाही? फ्लोरिडाने 2005 मध्ये 'मागे हटायची गरज नाही'वाला कायदा केला तो घराबाहेरही लागू, रस्त्यावर, पार्किंगमध्ये. टेक्साससारख्या राज्यात रात्री चोरी करून पळणाऱ्यावरही काही परिस्थितीत गोळी चालवता येते. पळणाऱ्यावर! त्याच देशात 1992 मध्ये लुइझियानात सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीला निघाला होता, पत्ता चुकून भलत्याच दारात गेला आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. ज्यूरीने मालकाला निर्दोष सोडलं. त्याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि अमेरिका कशाला हवी? 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागणारे पाच जण मुलं पळवणारे समजून ठेचून मारले. 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर समजून. 'आम्ही आमचं गाव वाचवतोय' असंच त्या जमावाला वाटत असणार. या लोकांच्या हातात आणखी सैल कायदा द्यायचा? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?

बरं. जरा दमाने घेते.

मामा सुटला. सत्र न्यायालयाने स्वसंरक्षण मान्य केलं, पण त्याला कित्येक वर्षं लागली. आधी खुनाचा गुन्हा, मग जामीन, मग तारखा. प्रत्येक तारखेला त्या पोराची आईही यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक, त्याच्या एका टोकाला मामी, दुसऱ्या टोकाला ती. परतीची एसटीही एकच. एकदा त्या बाईने मामीला विचारलं म्हणे, "पाणी तुम्ही पाजलं होतं का?" मामी हो म्हणाली. त्यापुढे दोघींत काय बोलणं झालं ते मामीने कोणालाच सांगितलं नाही. मामाने त्या माजघरात पुन्हा कधी अंथरूण टाकलं नाही, गोठ्याशेजारच्या पडवीत झोपायचा. कोर्टाने निर्दोष म्हटलेला माणूस! 'तुझ्या जागी कोणीही हेच केलं असतं' असं त्याला सगळे सांगायचे. तो नुसता मान हलवायचा आणि बैलांकडे बघायला उठून जायचा.

हो, ग्रुपवरच आमच्या एका मैत्रिणीने लिहिलंय की ती एकटी राहते, रात्री दाराची कडी वाजली तर तिला कलमं आठवणार नाहीत. खरंय तिचं. त्या क्षणी कोणी वजनकाटा घेऊन बसत नाही, आणि न्यायालयंही हे मानतात. स्वसंरक्षण होतं हे आरोपीनेच दाखवायचं, हेही टोचणारंच आहे, मग पुरावा संशयातीत लागत नसला तरी.

पण मग मागा ना त्याबद्दल काहीतरी! स्वसंरक्षणाचा दावा असेल तर तपास अमुक मुदतीत संपलाच पाहिजे, खटला आधी बोर्डावर आला पाहिजे, असं मागा. गस्तीची गाडी वेळेवर आली पाहिजे असं मागा. मामाचं आयुष्य तारखांनी खाल्लं, कलमांनी नाही. ते मागताना मात्र कोणी ज्वाळा टाकत नाही, कारण त्यात मजा नाही.

आता खाली 'मग काय चोराची आरती ओवाळायची?' ही कमेंट येणार हे ठाऊक आहे. ज्याने व्हिडिओ टाकला तोच टाकणार, त्याला शाळेपासून ओळखते. बाबा रे, कोयता उगारला तर पहार घाल, तुझा हक्क आहे, माझ्या मामाने तेच केलं. फक्त नंतर ग्रुपवर येऊन विषय संपला म्हणू नकोस.