लायसन पन्नासचं, गाडी एकशे दहाची

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत दरवर्षी हेच. पेढे संपायच्या आत स्कूटरची चावी पोराच्या हातात! हटकलं तर आईबापच ठणकावतात, "लायसन आहे त्याच्याकडे, विदाउट गिअरचं." अहो, पण कशाचं? सोळा ते अठरा वयात कायदा 50 सीसीपर्यंतचीच गाडी चालवू देतो. तुमची 110 ची आहे! पेट्रोलवरची लुना कधीच इतिहासजमा झाली, शोरूममध्ये पन्नास सीसीची पेट्रोल स्कूटर औषधालाही सापडत नाही, तरी ते कलम तसंच. बदला ना ते एकदा!

आणि गाडीची अवस्था? आरसे काढून टाकलेले, का तर 'लूक'. मागच्या ब्रेकची लिव्हर पार मुठीला टेकते, ती आवळून घ्यायला गॅरेजवाल्याला पाच मिनिटं लागतात. हेल्मेट पुढच्या हुकाला लटकलेलं.

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, अठराच्या आतल्या पोराने अशी गाडी चालवली तर पालकांना 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: "क्लासपर्यंतच तर जातो." क्लासच्या वाटेवर डंपर नसतात का हो?