मराठी सत्ता पानिपतावर संपली नाही आणि तोफांअभावी तर नाहीच

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलेले भाषण गेल्या आठवड्यात मला म्हणून दाखवले. मजकूर व्हॉट्सॲपवरून उचललेला होता. नंतर तोच मला आणखी तीन गटांत दिसला. त्याचे म्हणणे असे: मराठी साम्राज्य पानिपतावरच संपले, उरलेल्या मराठ्यांकडे भाले होते आणि इंग्रजांकडे तोफा, शेवटी पळपुट्या बाजीरावाने एकट्याने राज्य विकले. शाळकरी मुलीच्या तोंडी हा इतिहास म्हणून घातला जातो, याचा मला संताप येतो.

पानिपताचे उत्तर थोडक्यात देतो. १७६३ मध्ये थोरल्या माधवरावांनी राक्षसभुवनावर निजामाला हरवले, १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला तह करून माघारी जावे लागले. संपलेल्या सत्तेच्या हातून हे घडत नाही.

तोफांचा दावा तर निव्वळ अज्ञानाचा आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून युरोपीय धर्तीच्या कवायती पलटणी उभ्या करवल्या होत्या आणि आग्र्याला तोफा ओतल्या जात होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला इंग्रज जिंकले, पण त्यांचे दीड हजारांहून अधिक लोक ठार आणि जखमी झाले, आणि रणांगणावर त्यांच्या हाती मराठ्यांच्या ९८ तोफा लागल्या. उणीव वेगळीच होती. या पलटणींचे वरचे अधिकारी बहुतेक युरोपीय होते. फ्रेंचांशी जगभर झुंजणाऱ्या इंग्रजांना शिंद्यांच्या पदरची फ्रेंच सरदारी खुपत होती, म्हणून युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रजांना नोकरी सोडल्यास वेतन देण्याचा जाहीरनामा काढला. अनेक जण निघून गेले आणि शिंद्यांचा उत्तरेतील फ्रेंच सेनापती पेराँही दिल्लीच्या लढाईआधीच इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

बाजीरावाच्या बाबतीत या मजकुरात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहावर सही त्याचीच आहे. त्या तहाची कलमे एकदा वाचावीत: किमान सहा हजार इंग्रजी पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे राहणार, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचा युरोपीय माणूस चाकरीत ठेवायचा नाही आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत. राज्य या कागदावरच गेले. पण पेशवा वसईला का पोहोचला, याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना पेशव्याच्या हुकमाने पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला आणि बाजीराव कोकणात पळाला. घरच्या वैऱ्यावर परका बोलावण्याची ही पहिली वेळही नव्हती. १७७५ मध्ये राघोबादादांनी पेशवाईच्या गादीसाठी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. त्याहीआधी, १७५६ मध्ये, मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचा काटा काढण्यासाठी खुद्द नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचेच आरमार जळून गेले.

वसईच्या तहानंतरही एकजूट झाली नाही. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढायला उतरले तेव्हा शिंदे इंग्रजांशी झालेल्या सुर्जी अंजनगावच्या तहाने बांधले गेले होते. सगळा दोष एका बाजीरावाच्या माथी मारला की हे सारेच सुटतात, आणि म्हणून हा मजकूर मला घातक वाटतो.

स्पर्धा येत्या शनिवारी आहे. भाचीने ‘एकट्याने राज्य विकले’ हे वाक्य काढून त्या जागी तहाची कलमे आणि हडपसरची लढाई घातली आहे.