मामा, तुझा अँटेना दिसतोय

सुट्टीला आलेला माझा भाचा जर्मनीला परत जाताना त्याचा जुना निन्टेन्डो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेमचं यंत्र, माझ्या हातात ठेवून गेला. "मामा, शनिवारी ऑनलाइन मारिओ कार्ट, ती गाड्यांची शर्यत, खेळू. सेटिंग पाच मिनिटांचं आहे." त्या पाच मिनिटांत तीन शनिवार गेले.

पहिला गेला खातं उघडण्यात. जन्मसाल निवडायला यादी खाली सरकवायची होती. सरकवता सरकवता लेकीचं जन्मसाल मागे पडलं, लग्नाचं साल गेलं, दहावीचं गेलं, तेव्हा कुठे 1971 दिसलं. मग कळलं की ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते. ताईकडे कुटुंबाची वर्गणी होती, तिच्यात आठ खाती बसतात. तिने मला घुसवून घेतलं. गटप्रमुख ताई, सदस्य मी. आमच्या घरात लहानपणापासून हीच व्यवस्था आहे.

दुसऱ्या शनिवारी फ्रेंड कोड, म्हणजे खेळात एकमेकांना शोधायचा नंबर. एसडब्ल्यू आणि पुढे बारा आकडे. फोटो काढून पाठवावा, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. मी फोनवर जोड्या पाडून सांगायला लागलो. भाच्याचं मराठी चांगलं आहे आणि पंचवीस, छत्तीस त्याला सोपे जातात, कारण जर्मनमध्येही आधी पाच आणि मग वीसच म्हणतात. पण माझ्या कोडात एकोणसाठ होते. जर्मनमध्ये एकसष्टला 'आइन-उंट-झेख्त्सिश', म्हणजे एक आणि साठ. त्याने 'एकोणसाठ' ऐकलं आणि सरळ 61 लिहिलं.

"मामा, असा माणूसच नाही म्हणतंय."

"अरे आहे! मी बोलतोय ना!"

तीनदा झालं. एकोण म्हणजे एक उणा, हे मी समजावलं. तर म्हणाला, "मग सरळ पन्नास आणि नऊ का नाही म्हणत?" बरोबरच होतं त्याचं, पण मामाने असं लगेच कबूल करायचं नसतं.

तिसऱ्या शनिवारी मी इंटरनेटची चाचणी घेतली. वेग उत्तम, पण नॅटच्या, म्हणजे बाहेरच्या यंत्रांना आपल्याशी किती सहज जोडता येतं त्याच्या, पुढे 'डी' श्रेणी! या खेळात खेळणाऱ्यांची यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात, आणि माझ्या यंत्रापर्यंत बाहेरून कोणाला पोचताच येत नव्हतं. इंटरनेट जोडणारा मुलगा आला आणि त्याने निदान केलं, "काका, तुम्ही शेअरिंगमध्ये आहात." जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते जगात सुमारे 429 कोटीच, आणि यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एकाच पत्त्यावर पुष्कळ घरं बसवतात. म्हणजे चाळच की! फाटकावर एकच पाटी, पोस्टमन विचारतोय "जोशी कुठले?", आणि आत चौदा जोशी. स्वतंत्र पत्त्याचे वेगळे पैसे भरले, राउटरमध्ये त्याने एक-दोन खुणा केल्या आणि 'बी' आली. दहावीत गणितात पास झालो तेव्हाही इतका हललो नव्हतो.

साडेआठला, म्हणजे तिकडच्या पाचला, भाच्याने खेळातली खोली उघडली. त्याचे चार मित्र, तो आणि मी. स्विचवर बोलायची सोय नव्हती, म्हणून शेजारी फोन स्पीकरवर. तीन, दोन, एक... आणि पडदा गोठला. जोडणी तुटली. पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून 'टिंग' ऐकू आलं आणि वायफाय जिवंत झालं.

आमचा राउटर जुना. तो 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, आणि मायक्रोवेव्हही त्याच्याच आसपास. इकडे वांग्याची भाजी गरम झाली की तिकडे मी शर्यतीतून बाद. बायकोशी तह झाला: शर्यत चालू असेपर्यंत मायक्रोवेव्ह बंद.

मग मात्र गाडी सुटली. ए दाबून धरायचं, एवढंच मला समजलं होतं. तरी वळणं आपोआप घेतली जात होती, कड्यावरून एकदाही पडलो नाही. चाळीस वर्षं स्कूटर चालवल्याचा फायदा, असं मी फोनवर सांगितलंही. पलीकडे शांतता. मग खसखस.

"मामा, तुझा अँटेना दिसतोय."

नवख्यांनी रस्ता सोडू नये म्हणून गाडी स्वतःच वळते, अशी एक सोय असते. ती चालू असली की गाडीच्या मागे छोटा अँटेना दिसतो. सगळ्यांना. सायकल शिकताना मागचं कॅरिअर धरून वडील धावायचे, तसं हे. फक्त वडील बाकीच्यांना दिसतायत आणि आपल्यालाच माहीत नाही. मी बाणेदारपणे ती सोय बंद केली आणि पुढच्या शर्यतीत पहिल्याच वळणाला दरीत गेलो. सहा जणांत सहावा.

"अजून एक," मी म्हणालो. शर्यत सुरू झाली. दुसऱ्या फेरीत मी चक्क पाचवा होतो. फोनवर ताईचा आवाज आला, "जेवलास का रे? ती बिचारी कधीची थांबलीय. आधी जेव, मग खेळ."

"ताई, शेवटची फेरी..."

"शेवटची ओव्हर, शेवटची ओव्हर म्हणत अंधार पडेपर्यंत मैदानात असायचास. अगं, याचं ताट गरम कर गं!"

आमचा फोन स्पीकरवर असतो, हे मी आधी सांगितलंच आहे. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचा दिवा लागला.