तंबोरे जुळायला वेळ लागतो. लागू द्या.

आज सकाळी एका ग्रुपवर शनिवारच्या मैफलीबद्दल कुणीतरी लिहिलं, "गाणं उत्तम, पण बाईंनी जुळवाजुळवीतच फार वेळ घालवला." त्यावर पटापट अंगठे आले. एकाने सल्लाही दिला, "तंबोऱ्याचं ॲप लावायचं की सरळ!" तेव्हापासून डोकं तापलंय. दिवसभर कामात होते, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

शनिवार-रविवार रत्नागिरीला गेले होते, फक्त या गाण्यासाठी. समुद्राजवळचा छोटासा हॉल, खिडक्या सताड उघड्या, मी अगदी पुढे भारतीय बैठकीवर. बाईंनी दिवेलागणीला मारवा राग गायला. त्याबद्दल आज लिहीत नाही, ते अजून आतच आहे. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादाला, म्हणजे 'नी'ला, लावलेली होती. पुढे बिहाग राग गायचा होता. म्हणजे दोन्ही तंबोऱ्यांची ती तार निषादावरून पंचमावर आणायची. तार एवढी उतरवली की ती लगेच जागेवर ठरत नाही, सरकत राहते. जवारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीवरचा, दोरा पुन्हा बघावा लागतो. खुंटीने साधारण जुळवायचं, मग तारेत ओवलेला मणी केसभर वर, केसभर खाली. हे सगळं चालू असताना मागून खणखणीत आवाज आला, "झालं का?" आणि काही लोक हसले.

हसले! माझ्या तर अंगाची लाहीलाही झाली.

ग्रीनरूममध्ये जुळवून यावं म्हणतात. अहो, आणलेच होते जुळवून! पण रत्नागिरी आहे ती. संध्याकाळपर्यंत समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री वारा फिरतो आणि जमिनीकडून मतलई वारे सुटतात. हवेतली ओल बदलते, गारवा बदलतो. तंबोरा म्हणजे लाकूड आणि भोपळा, तो ओल पितो. तबल्याची पुडी तर कातड्याचीच, दमट हवेत सैल पडते आणि सूर खाली येतो. मग वादक पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी मारून एकेक घर वर आणतो, तोवर दिव्यांच्या उष्णतेने तो चढायला लागतो. यात कलाकाराचा काय दोष? कोकणात जन्म गेलेल्यांना पापड सादळतात ते कळतं आणि तबला उतरतो ते कळत नाही?

याच मंडळींपैकी कितीतरी जण दुपारनंतर थिबा पॉइंटवर मावळता सूर्य बघायला बसले होते, मी पाहिलंय. तिथे कुणी ओरडलं नाही "झालं का?" म्हणून.

बरं, काही कलाकार उगाच वेळ काढतात, हे मान्य. शेवटची एसटी गाठायची असते, हेही मान्य. पण त्या रात्री यातलं काहीच नव्हतं.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. पेटीवाल्यांना हातानेच थांबवलं, शिष्येच्या हातातला तंबोरा स्वतःकडे घेतला, भोपळ्याला कान लावला आणि डोळे मिटून एकेक तार छेडत राहिल्या. पंचम, मधल्या 'सा'ची जोड, खालच्या 'सा'चा खर्ज. पुन्हा पंचम. मणी जरासा सरकवला. आणि मग एका क्षणी खर्जाच्या तारेतून गांधार, म्हणजे 'ग', बोलायला लागला. तो कुणी लावलेला नसतो. तंबोऱ्यात गांधाराची तारच नाही. खर्ज खरा लागला आणि जवारी खुलली, की तो आपोआप उमटतो. पहिल्या ओळीत बसून मी तो ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी "सा" लावायच्या आधी बिहाग खोलीत आलेला होता.

ॲपवाल्या भाऊसाहेब, तुमचं ॲप उतरत नाही, बरोबर. रियाजाला सोयीचं आहे, तेही बरोबर. पण त्या रात्री जे झालं ते त्यात होत नाही.

कुणी म्हणेल, रेकॉर्डवर कुठे असतं जुळवणं? नसतं. गायिका केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तीत कुणी खुंट्या पिळताना ऐकू येत नाही. कारण ते काम रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी झालेलं असतं. मैफलीत ते आपल्यासमोर होतं, आणि मला तरी तो आपला मान वाटतो.

आत्ता लिहिताना राग थोडा निवळलाय. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण झाली. ऑक्टोबर १९३७. पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगापेरुमल कोईल स्टेशनावर उतरले. जीव घाबरा झालेला, शेवट जवळ आलेला, आणि त्या माणसाने फलाटावर तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात देवाचं नाव घेतलं. त्याच फलाटावर गेले. मिरजेच्या खाँसाहेबांची ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात ऐकलेली आहे. ऐकताना डोळे पुसणारे आपणच, आणि हॉलमध्ये घड्याळ बघणारेही आपणच? हे मला झेपत नाही.

त्या "झालं का" नंतर बाई तासभर बिहाग गायल्या. एकदाही सूर हलला नाही. ओरडणारे गृहस्थ शेवटपर्यंत बसून होते, माना डोलावत होते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की ज्याला आता दाद देताय, ते कशावर उभं आहे. मध्यंतरात मीच जाऊन सांगणार होते, पण गर्दीत ते दिसेनात.

अंगठे देणाऱ्यांपैकी दोघं माझ्या यादीत आहेत. रागावलात तरी चालेल, पण हे वाचा. आणि पुढच्या मैफलीत माझ्या शेजारी बसणार असाल, तर तंबोरे जुळत असताना माझ्याशी एक अक्षर बोलू नका.