लघवी सुटण्याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे

माझी आत्या खानापूर तालुक्यात राहते. बेळगावात लग्न असले की ती सकाळपासून पाणी पीत नाही आणि जुन्या लुगड्याच्या दोन घड्या पिशवीच्या तळाशी ठेवून मगच बसमध्ये चढते. घरातल्या साऱ्या बायकांना हे ठाऊक होते, पण लघवी धरवत नाही हे तिच्या तोंडून मी या पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या वेळी, पहिल्यांदा ऐकले. ‘चार बाळंतपणे झाली, वय झाले, चालायचेच,’ असे ती म्हणाली. हे ‘चालायचेच’ मला मुळीच मान्य नाही.

खोकताना, शिंकताना किंवा भरलेली घागर उचलताना लघवी सुटते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मूत्रमार्गाचा आधार सैल पडलेला असतो. बाळंतपणे, पाळी जाणे, लठ्ठपणा, बद्धकोष्ठता आणि जुनाट खोकला यांमुळे ही शक्यता वाढते. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षे घालवलेल्या बायकांचे खोकणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यातले शेवटचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. एकाएकी घाईची लागून मोरीपर्यंत पोचण्याआधीच कपडे ओले होणे हा प्रकार वेगळा. त्यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आणि त्यामागे जंतुसंसर्ग, पक्षाघात किंवा कंपवात असू शकतो, तर कधी कारण सापडतही नाही. पुष्कळ बायकांना दोन्ही त्रास एकत्र असतात. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या पुरुषांचे, तसेच मधुमेहाने नसा निकामी झालेल्यांचे मूत्राशय पुरते रिकामेच होत नाही आणि लघवी थेंबथेंब गळत राहते. मूत्राशय ठीक असूनही केवळ गुडघ्यांमुळे परसातल्या संडासापर्यंत वेळेत न पोचणारी माणसेही आहेत, आणि त्यांना गोळीपेक्षा भिंतीला धरायला दांडा आणि रात्री दिवा अधिक उपयोगी पडतो.

प्रकार ओळखणे यासाठीच महत्त्वाचे आहे. घाईच्या लघवीवरचे औषध मूत्राशय रिकामे न होणाऱ्याला दिले, तर लघवी तुंबू शकते. खोकताना सुटणाऱ्या लघवीवर मात्र 1948 साली डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी मांडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम आजही पहिला उपाय आहेत. ते निदान तीन महिने नेमाने करावे लागतात. पाणी तोडणे हा उपाय नव्हे, कारण गडद लघवीने मूत्राशयाची चुरचुर वाढते आणि मलावरोधही होतो. चहा कमी करणे ठीक. लघवीतून रक्त गेले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. आत्याची कन्नड बाजारापुरती, डॉक्टर कन्नड बोलणारे, आणि दुभाषा म्हणून बरोबर जातो तो तिचा मुलगा. त्याच्यासमोर ती हे कसे सांगणार? म्हणून आम्ही तीन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: खोकताना सुटली की गोल, घाईत सुटली की फुली. गोल अकरा झाले, फुल्या चार. ते पान घेऊन मी तिच्यासोबत गेले आणि मुलगा बाहेर बाकावर बसला.