मुंबईची त्रिंकोमाली इथे आहे, टाइनची विक्रांत नाही

सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त नौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आहे. त्याची बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि सोलापूरकरांत दोन तट पडले. थोरल्या काकांनी लिहिलं, "हितं चार-चार दिसाआड पाणी येतंय आणि सरकारला बोटी सुचायल्यात." चुलतभाऊ म्हणाला, "काका, विक्रांत मोडली तेव्हा किती वाईट वाटलं होतं. एक तरी राहू दे की." तेव्हा मी गप्प राहिलो. मला जे म्हणायचं आहे ते ग्रुपवरच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं.

मी ईशान्य इंग्लंडात राहतो. इथून जवळ हार्टलपूल नावाचं बंदर आहे आणि तिथे 'एचएमएस त्रिंकोमाली' आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने ती सागवानात बांधली आणि १८१७ साली ती पाण्यात उतरली. ब्रिटनची आजही तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका हीच. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओकचं लाकूड अपुरं पडू लागलं, म्हणून असं काम मुंबईकडे आलं. तिचे आराखडे घेऊन निघालेली 'जावा' ही नौका १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने संपवली, त्यामुळे ते दुसऱ्यांदा पाठवावे लागले. (ती 'कॉन्स्टिट्यूशन'सुद्धा बोस्टनमध्ये अजून जपलेली आहे.) त्रिंकोमालीच्या डेकवर उभं राहिलं की पायाखाली आपल्याकडचं सागवान असतं, दोनशे वर्षांचं, आणि मला दर वेळी भरून येतं.

हार्टलपूलच्या उत्तरेला, फार लांब नाही, टाइन नदी आहे. तिथल्या गोदीत दुसऱ्या महायुद्धात 'हर्क्युलिस' नावाची विमानवाहू नौका बांधायला घेतली. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपलं होतं. अर्धवट अवस्थेत ती पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टमध्ये पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती 'आयएनएस विक्रांत' झाली. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं मोडण्याच्या भागात तिचे तुकडे झाले.

मुंबईत बांधलेली इंग्लंडात टिकली आणि इंग्लंडात बांधलेली मुंबईत मोडली. यावरून 'गोऱ्यांना इतिहासाची कदर, आपल्याला नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते मान्य नाही, कारण ते खरं नाही. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेली 'इम्प्लॅकेबल' १९४९ मध्ये दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून ब्रिटिश नौदलानेच स्फोटकं लावून बुडवली. पहिल्या महायुद्धातलं जटलंड आणि दुसऱ्यातलं नॉर्मंडी, दोन्ही लढाया पाहिलेली 'वॉरस्पाइट' भंगारात गेली. फॉकलंड युद्धातली 'प्लिमथ' काही वर्षं संग्रहालय होती, पण ते चालवणाऱ्यांकडचे पैसे संपले आणि २०१४ मध्ये, म्हणजे विक्रांत मोडली त्याच वर्षी, तीही तुर्कस्तानला मोडायला गेली.

मग त्रिंकोमाली कशी वाचली? १८९७ मध्ये एका खासगी गृहस्थाने ती मोडणाऱ्यांकडून सोडवली आणि मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरली. ते १९८६ पर्यंत चाललं. जहाज कामात होतं म्हणून राहिलं. त्यानंतर ती हार्टलपूलला आली. त्या गावातल्या गोद्या बंद पडल्या होत्या, पण जहाजाचं काम येणारे हात होते. २००१ पर्यंत दुरुस्ती चालली. त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था होती. आता ती राष्ट्रीय नौदल संग्रहालयाकडे आहे. आणि हार्टलपूल श्रीमंत नाही बरं का! ब्रिटनमधल्या गरीब गावांत ते मोडतं. गिरण्या गेल्यावर आपल्या सोलापूरवर जी कळा आली, तीच इथे गोद्या गेल्यावर आली.

म्हणून काकांना मला सांगावंसं वाटतं, की पाण्याचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी महापालिकेला धारेवर धरलंच पाहिजे. पण जहाज भंगारात घातल्याने उजनीचं पाणी लवकर येत नाही. पाण्याची ओढाताण असतानाच सोलापूरने डॉ. कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलं आणि चार हुतात्म्यांचा चौक सांभाळला. ते चुकलं असं काकासुद्धा म्हणणार नाहीत.

भावाला सांगायचं ते जास्त कठीण आहे. जहाज उभं करायला एकदा पैसे लागतात, टिकवायला दर वर्षी. खारं पाणी आणि खारा वारा पोलादाला सुट्टी देत नाहीत. 'विराट' या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ च्या नोव्हेंबरात ८५२ कोटींच्या संग्रहालयाला मंजुरी दिली, आणि २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली जाऊन गुजरातेतल्या अलंगला मोडायला गेली. मालवणच्या राजकोटावरचा महाराजांचा पुतळा २०२३ च्या नौदल दिनी उभा राहिला आणि पुढच्या ऑगस्टात कोसळला. घोषणेच्या दिवशी सगळे असतात. पाचव्या वर्षी गंज खरवडायला कोण आहे, हे आधी ठरलेलं नसतं.

आपल्या देशात हे जमलेलंही आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून लोक आत शिरून बघतात. कारवारला 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका आहे, दीवला 'खुकरी' नावाची दुसरी नौका. या सगळ्या लहान आहेत, गावाला पेलणाऱ्या. अवाढव्य विमानवाहू नौकेचा हट्ट धरून आपण दोन्ही गमावल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या मनात एक नाव आहे, 'आयएनएस मुंबई'. माझगाव डॉकमध्ये आपल्याच कामगारांनी बांधलेली ही विनाशिका २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात आली आणि अजून सेवेत आहे. कधीतरी तिचीही निवृत्ती येईल. तिच्यासाठी विश्वस्त संस्था आणि दरवर्षी व्याज देणारा निधी ती सेवेत असतानाच उभा राहायला हवा. धक्क्याची जागाही आत्ताच लेखी ठरायला हवी. त्या निधीत सोलापूरकरांनी, माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासून पैसे घालावेत. मी घालीन. चुलतभावाला मी हेच लिहिलं आहे, आणि काकांनाही स्वतंत्रपणे फोन करणार आहे.