ताई ची : पिढीचा आकडा आणि गुरूचा हात

ताई ची या संथ चिनी युद्धकलेच्या क्लासच्या जाहिरातीत 'चेन घराणं, 20वी पिढी' असं दिसलं की निम्मे लोक तिथेच गार होतात. हा आकडा येतो कुठून ते आधी बघा. चीनच्या हनान प्रांतात चेनजियागोउ नावाचं खेडं आहे. तिथल्या चेन कुळाच्या वंशावळीत 9व्या पिढीतले चेन वांगटिंग, 17व्या शतकातले. घराणं ताई चीची सुरुवात त्यांच्यापासून धरतं. 1928 साली बीजिंगला शिकवायला गेलेले चेन फाके 17वे, त्यांचे नातू चेन शियाओवांग 19वे. शिष्याचा आकडा म्हणजे गुरूचा आकडा अधिक एक, आडनाव काही का असेना. म्हणून 20वी पिढी सांगणाऱ्याला सरळ विचारा, तुमचे 19वे कोण? त्यांच्याकडे किती वर्षं होतात, की एका शिबिराला जाऊन फोटो काढून आलात? इथे बरेच जण विषय बदलतात.

नाव खरं निघालं तरी तेवढ्यावर फी भरू नका. घराण्याचं मोल ज्या गोष्टीत आहे तिला चिनीत 'निए जियाझी' म्हणतात. निए म्हणजे ओल्या मातीला बोटांनी आकार देतात ते. गुरू शिष्याच्या अंगाला हात लावून त्याची ठेवण बसवतो.

'लान झा यी' घ्या, घराण्याच्या जुन्या पहिल्या मालिकेत, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींत, अगदी सुरुवातीला येणारी हालचाल. भार डाव्या पायावर घेऊन खाली बसायचं, उजव्या टाचेची आतली कड जमिनीला घासत बाजूला सरकवायची, पंजा टेकवायचा, मग भार उजवीकडे न्यायचा. उजवा हात कंबरेच्या वळण्याबरोबर खांद्याच्या उंचीवर उघडतो, कोपर खाली लोंबतं. व्हिडिओ बघून हे आठवडाभरात 'येतं'. फक्त जांघेतली घडी आखडलेलीच राहते. मग वळण कंबरेतून न निघता गुडघ्यातून निघतं आणि गुडघा आत पडतो. गुडघा मुळात बिजागरीसारखा, त्याला पीळ सोसत नाही. काही महिन्यांनी आतल्या बाजूने दुखायला लागतं आणि बोल लागतो ताई चीला.

जाणता गुरू अशा वेळी 'गुडघा बाहेर घ्या' म्हणून थांबत नाही. जांघेच्या घडीत दोन बोटं ठेवून आत दाबतो, दुसऱ्या हाताने माकडहाड खाली बसवतो, वर आलेला खांदा उतरवतो. फरक बोटभराचा, पण मिनिटभरात मांड्या थरथरतात. खांदा, छाती, गुडघा यांनी चोरून उचललेला भार आता मांड्यांवर आलेला असतो. आरशात हे दिसत नाही. स्वतःला तर नाहीच, कारण चुकीची ठेवण सवयीची झाली की तीच सरळ वाटते.

1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग या ताई चीच्या दुसऱ्या शैलीतून 24 हालचालींचा छोटा संच बेतला. पाचसहा मिनिटांत संपतो, सकाळी बागेत करायला उत्तम. त्याला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. पण तो शिकवून चेन घराण्याच्या नावाने पैसे घेणं ही फसवणूक.

दोन व्हिडिओंतून एक मालिका शिवू नका. चेन घराण्यातच मालिकेच्या दोन धाटण्या आहेत : जुनी चौकट आणि चेन फाके यांच्याकडून आलेली नवी चौकट. त्यांत हालचालींची नावं बहुतेक तीच, मनगटांचे आणि कंबरेचे पीळ वेगळे. गाण्यात दोन घराण्यांच्या तानांची भेळ कानाला तरी कळते, इथे ती सांध्यांना कळते.

'बायशी' म्हणजे आपल्याकडचं गंडाबंधन : लेखी विनंती, गुडघे टेकून नमस्कार, गुरूला चहा. त्याची घाई नको. जुन्या पद्धतीत आधी काही वर्षं साधा विद्यार्थी म्हणून काढायची असतात, तेवढ्यात दोघं एकमेकांना जोखतात. पहिल्याच महिन्यात पाकीट घेऊन शिष्य करणाऱ्याला तुमची ठेवण अजून माहीतही नसते.

क्लास बघायला गेलात तर गुरूची मालिका बघत बसू नका. नव्या माणसाला नुसतं उभं कसं करतात ते बघा : पाय खांद्याइतके लांब, गुडघे जरा सैल, हात पोटासमोर, सुरुवातीला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत गुरू त्याच्याजवळ किती वेळा येतो ते मोजा.